फुगडीला वर्गात जागा द्या

निगडी, चिंचवड, भोसरीत शिकवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या वेळापत्रकात साल्सा आणि बचाटा असतो, नवरात्र जवळ आलं की गरबा-दांडिया. चाकणच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून मुलं-मुली वर्गाला येतात. साल्सा शिकवताना आपण चोखंदळ असतो. पाऊल एकच्या ठोक्यावर की दोनच्या, न्यूयॉर्कची सरळ रेषेतली पद्धत कोणती आणि क्युबातली गोल फिरणारी कोणती, हे पहिल्या महिन्यातच समजावतो. फुगडीबद्दल मात्र आपण चकार शब्द काढत नाही.

आणि ती तर इथलीच. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूतून निघते, दुसऱ्या दिवशी आळंदीहून माउलींची. देहू सोडल्यावर तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. वाटेत विसावा मिळाला की वारकरी फुगडी धरतात. सत्तरीतली आजी अनोळखी पोरीचे, कधी बंदोबस्तावरच्या पोलिसाचेही हात धरते. ओळख लागत नाही, तालीम लागत नाही. सोशल डान्स यापेक्षा वेगळा काय असतो? तुकोबांच्या गाथेतही फुगडीचे अभंग आहेत.

तंत्र म्हणून पाहा. हातांची अढी, चवड्याला चवडा भिडलेला, कोपरं ताठ, अंगाचा भार मागे. भारी अंगाचा जोडीदार कमी झुकतो, हलका जास्त, तेव्हाच तोल जमतो. एकाने कोपर वाकवलं की मधला आस सरकतो आणि दोघंही फरफटतात. हार्लेममध्ये जन्मलेल्या लिंडी हॉपचा स्विंगआउट शिकवताना हाच ताण मुलांच्या अंगी बाणवायला आपल्याला आठवडे लागतात. शिवाय फुगडीत नेणारा आणि मागे जाणारा असा भेद नाही, दोघं सारखेच जबाबदार. वर्गाच्या पहिल्याच तासाला यापेक्षा चांगला धडा मला तरी माहीत नाही.

तिचे प्रकारही किती! दंड फुगडी, एका हाताची, बस फुगडी, नखुल्या, लाटणं फुगडी. गोव्यात तर बायका फेर धरून आणि समोरासमोर ओळी करूनही फुगडी घालतात. मंगळागौरीच्या स्पर्धांमुळे फुगडी टिकली, हे मान्य. पण रंगमंचावर सगळ्या जोड्यांची गिरकी एकाच मापाची होत चालली आहे, आणि ते मला खुपतं. 1920च्या दशकात लंडनच्या नृत्यशिक्षकांनी बॉलरूमची पावलं ठरवून दिली. त्यामुळे ते नाच जगभर पोचले, पण गावोगावच्या लकबी मागे पडल्या. फुगडीला असं प्रमाणित रूप देण्याची काहीच गरज नाही.

आपल्या वर्गांत मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकणातून पोटापाण्यासाठी आलेली माणसं आहेत. त्यांच्या आई-आजीची फुगडी कशी, पकड कोणती, गाणं कोणतं, हे विचारा आणि तासभर त्यांनाच शिकवू द्या. चित्रीकरण करा, गावाचं नाव न विसरता नोंदवा आणि श्रावणाआधी आमच्याकडे पाठवा.