विकासातील उशीर : तपासणी गावात, उपचार दूर

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाला. जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासातील उशीर या चार बाबींसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हा त्याचा हेतू. वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा जावे आणि शंका आल्यास मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी ही साखळी आहे. तिची कसोटी लागते ती आंजर्ल्यासारख्या गावांत.

दापोली तालुक्यातील या किनारी गावापासून तालुक्याचे ठिकाण सुमारे २५ किलोमीटरवर, तर रत्नागिरी शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. फिजिओथेरपी वा वाचा-उपचार एका भेटीत संपत नाहीत. ते महिनोन्महिने चालतात. घरचा कर्ता मुंबईत नोकरीला असेल, तर दर खेपेला आईनेच मूल घेऊन एसटीने जायचे. अशा वेळी ‘थोडे थांबून पाहू’ हे सोयीचे वाटते आणि ‘याचा बापही उशिराच बोलला’ या आजीच्या दाखल्याने त्याला बळ मिळते.

हे थांबणेच महाग पडते. पहिल्या तीन वर्षांत मेंदूची वाढ अतिशय वेगाने होते. या काळात मिळालेल्या उपचारांचा उपयोग अधिक होतो. शंकेची पहिली खूण ओळखायला यंत्रसामग्रीही लागत नाही. तिरुवनंतपुरम येथे तयार झालेला, दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीचा तपासणी-तक्ता अवघ्या १७ टप्प्यांचा आहे. तीन महिन्यांचे बाळ आईकडे पाहून हसत नाही, पाच महिने होऊनही मान धरत नाही, नऊ महिन्यांचे होऊनही आधाराशिवाय बसत नाही, वर्षाचे झाले तरी हाक मारल्यावर वळून पाहत नाही, दीड वर्षाचे होऊनही चालत नाही, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नाही, यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. आधी येत असलेले बोलणे वा हालचाल हरवली, तर एक दिवसही दवडू नये. बोलण्यास उशीर होत असेल, तर श्रवणचाचणी आवर्जून करून घ्यावी.

मागे राहिलेले प्रत्येक मूल आजारी नसते. काही मुले पुढे बरोबरी गाठतात. वेळेआधी जन्मलेल्यांचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे लागते. पण तो निर्णय तपासणीने व्हावा, अंदाजाने नव्हे.

दिव्यांग बालकांसाठीच्या अंगणवाडी नियमावलीने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशी मुले लवकर ओळखण्याची जबाबदारी सेविकेवर सोपवली. पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी आणि गृहभेटी सांभाळून ती हे काम करते. मात्र तिने शंका नोंदवल्यावर पुढचा उपचार शंभर किलोमीटरवर असेल, तर ती नोंद रजिस्टरातच पडून राहण्याचा धोका आहे. ठरलेल्या दिवशी उपचारतज्ज्ञ तालुक्याच्या रुग्णालयात यावेत, लांबच्या खेपांचा प्रवासखर्च मिळावा आणि घरी करावयाचे व्यायाम आईला शिकवले जावेत, एवढे तरी झाले पाहिजे. शहरांत बालरोगतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतात, तरीही लसीकरणाच्या भेटीत वजनापलीकडे प्रश्न विचारला जातोच असे नाही. तो पालकांनी विचारायला हवा. आणि गावाकडच्या भावंडांच्या मुलांविषयीही.