सोयाबीनच्या भावाचा कोड नांदेडात लिहावा

२०२१च्या उन्हाळ्याअखेरीस पेरलेले सोयाबीन शेतात उभे होते, तेव्हा लातूरच्या बाजारात भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेला होता. ऑगस्टमध्ये केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. नवा माल मोंढ्यात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. डिसेंबरात सेबीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि पुढे ही बंदी पुन्हा पुन्हा वाढवली.

वायदे थांबले, भाव पडण्याची जोखीम थांबली नाही. ती शेतकऱ्याच्या अंगावर राहिली.

ही जोखीम विकता येते. पेरणीच्या वेळी हप्ता भरून काढणीला ठरावीक भावाने माल विकण्याचा हक्क घ्यायचा, याला ‘पुट ऑप्शन’ म्हणतात. भाव चढला तर हक्क सोडून द्यायचा आणि बाजारात विकायचे. वायद्यांवरच्या अशा हक्काची किंमत काढण्याचे सूत्र फिशर ब्लॅक यांनी १९७६मध्ये मांडले. पायथॉनमध्ये ते दहा-बारा ओळींत बसते. समजा, वायदा ४,५०० रुपयांवर आहे, हक्कही त्याच भावाचा आहे आणि मुदत चार महिन्यांची आहे. व्याज बाजूला ठेवून भावाचा वार्षिक चढउतार २५ टक्के धरला, तर हप्ता क्विंटलला सुमारे २६० रुपये निघतो. ४० टक्के धरला तर ४१५.

सगळी मेख या चढउताराच्या आकड्यात आहे. ब्लॅक यांचे सूत्र भाव उडी न घेता सलग हलतो असे धरून चालते. दिल्लीतला एक आदेश निघाला की भाव एका दिवसात कोसळू शकतो, हे त्याला ठाऊक नाही. अशा उडीचा हिशेब रॉबर्ट मर्टन यांनी त्याच वर्षी मांडला होता. सोयाबीनसाठी तोच जास्त उपयोगी, पण उडी किती वेळा आणि केवढी, हे इथल्या बाजाराच्या नोंदींतूनच ठरवावे लागेल.

हे काम नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत किंवा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात का होऊ नये? बाजार समित्यांचे रोजचे भाव ‘अ‍ॅगमार्कनेट’वर खुले आहेत. विद्यार्थ्यांनी शेअर बाजाराच्या निर्देशांकावर तोच तो प्रकल्प करण्यापेक्षा लातूरच्या भावावर प्रारूप बसवावे. हमीभावाचीही किंमत त्यातून काढता येईल, कारण हमीभाव, उदाहरणार्थ २०२४-२५चा ४,८९२ रुपयांचा, हा सरकारने फुकट दिलेला पुटच आहे. फरक इतकाच की नोंदणी, खरेदी केंद्र आणि ओलाव्याची अट पार केल्याशिवाय तो वापरता येत नाही.

मात्र नुसता कोड पुरणार नाही. पुट विकणारा आपली जोखीम वायद्यात उतरवतो. वायदाच नसेल तर तो हप्ता भरमसाट लावेल, नाहीतर पुट विकणारच नाही. म्हणून सेबीने सोयाबीनचा वायदा बंद ठेवण्यापेक्षा सट्ट्यावर कडक मर्यादा घालून तो चालू द्यावा, आणि पहिले पुट शेतकरी उत्पादक कंपन्यांना मिळतील अशी सोय करावी.