कोलॅजेन: गाठीचं कवच फोडलं की कॅन्सर संपतो का?

मामांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाल्यापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर त्यावरच्या बातम्या सतत फॉरवर्ड होतात. गेल्या महिन्यात मामींनी मला फोन केला, “गाठीचं कवच फोडणारं औषध निघालंय म्हणे. बाहेरून मागवता येईल का रे?” मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण उत्तर शोधायला बसलो.

हे ‘कवच’ बऱ्याच अंशी कोलॅजेनचं असतं. म्हणजे पेशींच्या आजूबाजूला जाळं विणून अवयवाला आकार देणारं प्रोटीन. या कॅन्सरमध्ये ते इतकं साचतं की अनेकदा गाठीत कॅन्सरच्या पेशींपेक्षा हा भरावच जास्त असतो. त्यात रक्तवाहिन्या दबतात आणि केमो आत नीट पोहोचत नाही. मग भरावच काढून टाकू, हे लॉजिक सरळ वाटतं. मलाही वाटलं होतं.

पण आपण ऑफिसात जुना कोड न समजून घेता डिलीट केला की काय होतं, ते आठवा. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरच्या संशोधकांनी उंदरांमध्ये गाठीभोवतीच्या आधार पेशींचं कोलॅजेन बनवणं बंद केलं. कॅन्सर उलट जास्त वेगाने वाढला!

असं का? याचा एक धागा २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात सापडतो. कोलॅजेन अखंड असेल तर ते कॅन्सरच्या पेशीवरचा डीडीआर१ नावाचा रिसेप्टर नष्ट करायला लावतं आणि वाढीला लगाम बसतो. तेच कोलॅजेन एन्झाइमने कापलं गेलं, की त्याचे तुकडे तोच रिसेप्टर चालू करतात आणि गाठ वाढायला लागते. ज्या रुग्णांच्या गाठीत अखंड कोलॅजेन जास्त आणि हा रिसेप्टर कमी होता, ते तुलनेने जास्त जगले.

म्हणजे प्रश्न कोलॅजेन किती आहे एवढाच नाही, ते कुठल्या अवस्थेत आहे हाही आहे. सरसकट कवच फोडणं अंगाशी येऊ शकतं. त्यापेक्षा हा रिसेप्टर बंद करणं जास्त शहाणपणाचं ठरू शकेल, पण ते माणसांवरच्या चाचण्यांत सिद्ध व्हायला हवं.

मामींना मी एवढंच सांगितलं, “बातमी उंदरांवरची आहे की माणसांवरची, ते आधी बघू. मागवायचं काही नाही. केमोची तारीख चुकवू नका, आणि हा फॉरवर्ड डॉक्टरांना जरूर दाखवा.”