गाळणे कोणाच्या पिशवीत?

लांबच्या धम्मयात्रेचा विषय निघाला की गाडीचे भाडे, मुक्कामाची ठिकाणे आणि सोबत येणारे भन्ते यांवर आपल्या बैठकांत तासन्‌तास चर्चा होते. बरोबर काय न्यायचे, हा विषय मात्र शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. एक यादी छापून पालकांच्या हाती दिली की आयोजक मोकळे होतात. गोरेगावातून निघून नागपूर, सारनाथ, बोधगया, कुशीनगर आणि लुंबिनी असा रस्त्याने प्रवास करणाऱ्या आपल्या निवासी विद्यालयाच्या मुलांसाठी ही पद्धत योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सामानाची बांधाबांध हा यात्रेचा पहिला पाठ आहे. तो घरोघरी वेगवेगळा नव्हे, तर विद्यालयाच्या सभागृहात सर्वांनी मिळून गिरवला पाहिजे.

या मताला आधार विनयपिटकाचा आहे. चुल्लवग्गात कोसल देशातून प्रवास करणाऱ्या दोन भिक्खूंचा प्रसंग आला आहे. त्यांपैकी एकाचे वर्तन नियमाला सोडून होते. दुसऱ्याने त्याला त्याबद्दल टोकले आणि पहिल्याने तो राग मनात धरला. पुढे वाटेत टोकणाऱ्या भिक्खूला तहान लागली. त्याच्याजवळ पाणी गाळण्याचे वस्त्र, म्हणजे परिस्सावन, नव्हते. त्याने सोबत्याकडे ते मागितले, सोबत्याने दिले नाही, आणि तो तहानलेला भिक्खू वाटेतच मरण पावला. पाण्यातील सूक्ष्म जीवांची हत्या होऊ नये म्हणून न गाळलेले पाणी त्याने घेतले नाही.

ही वार्ता तथागतांपर्यंत पोहोचली, तेव्हा त्यांनी केलेल्या नियमांकडे बारकाईने पाहावे. प्रवासात सोबत्याने गाळणे मागितले तर ते नाकारू नये. गाळण्याशिवाय प्रवासाला निघू नये. आणि जवळ गाळणे नसेलच, तर आपल्या संघाटीच्या कोपऱ्यानेच पाणी गाळून पिण्याचा संकल्प करावा. ज्याच्याजवळ वस्तू आहे त्याच्यावर जबाबदारी, ज्याच्याजवळ नाही त्याच्यावरही जबाबदारी, आणि ज्याला ती मिळूच शकत नाही त्याच्यासाठी अंगावरच्या वस्त्रातून मार्ग! भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, पात्र, वस्तरा, सुई आणि कंबरपट्टा यांच्याबरोबर गाळणेही मोजले जाते, ते उगीच नव्हे.

आता आपल्या छापील याद्या पाहू. ट्रॉली बॅग, खेळाचे बूट, नवी शाल, थर्मास, पांढऱ्या पोशाखाचे दोन जोड, वाटखर्चाला अमुक इतके रुपये. ज्या घरात आई चार घरची धुणीभांडी करते आणि वडील रोज सकाळी नाक्यावर कामाच्या प्रतीक्षेत उभे राहतात, त्या घरात ही यादी म्हणजे उसनवारीचे आमंत्रण असते. पुष्कळदा मूल घरी यादी दाखवतच नाही. यात्रेच्या आदल्या दिवशी त्याचे पोट दुखू लागते. शिक्षकही फार विचारत नाहीत, कारण गाडीत तशीही जागा कमीच असते. दारिद्र्यामुळे एक जरी मूल धम्मयात्रेतून गळणार असेल, तर ती यात्रा कोणाची, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

ज्यांच्या पावलांनी आपण नागपूरला जातो, त्यांची तयारी कशी होती? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तेव्हा लाखो माणसे रेल्वेने, बैलगाडीने आणि पायी नागपुरात आली. कित्येक मायमाउल्यांनी भाड्यासाठी अंगावरचे किडूकमिडूक मोडले. फडक्यात भाकरी बांधली होती आणि जमेल तसे पांढरे वस्त्र मिळवले होते. त्यांच्या गाठोड्यात याहून फार काही नव्हते. भाकरी मात्र वाटेत कोणी एकट्याने खाल्ली नाही, हे त्या पिढीच्या तोंडून आपण सर्वांनीच ऐकले आहे.

कमी न्यावे याचा अर्थ मुलांना थंडीत कुडकुडत ठेवावे असा नाही. मुंबईच्या मुलाला थंडी म्हणजे काय हे ठाऊक नसते. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेशाच्या मैदानात दाट धुके उतरते आणि सकाळी दहापर्यंत सूर्य दिसत नाही. तेथे स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे ही चैन राहत नाही. विनयाची दृष्टी येथेही व्यवहारी आहे. अवंती-दक्षिणापथातील जमीन काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, हे सोण कुटिकण्णाने सांगितले, तेव्हा त्या प्रदेशातील भिक्खूंना जाड तळव्याची पादत्राणे वापरण्याची मुभा मिळाली. नियम भूमी पाहून बदलला. आपली यादी मात्र ऋतू कोणताही असो, वर्षानुवर्षे तीच राहते.

मग हे स्वेटर कोणी द्यायचे? उत्तर आपल्याच मार्गावर, नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत कोरलेले आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या उषवदाताच्या शिलालेखात विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेव ठेवल्याची नोंद आहे. व्याज दरमहा शेकडा एक. वर्षाला २४० कार्षापण झाले, त्यांतून वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख आहे आणि मुद्दलाला हात लागत नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांत आज बँकेत, पालिकेत, रेल्वेत नोकरी करणारे थोडे नाहीत. या स्मरणिकेतील शुभेच्छांच्या जाहिरातींचा काही भाग जरी अशा ठेवीत गेला, तरी दरवर्षी लागणारे गरम कपडे त्यातून उभे राहतील. ते विद्यालयाच्या मालकीचे असावेत, धुऊन पुन्हा पेटीत जावेत. दान मिळालेले कपडे एखाद्याच मुलाच्या अंगावर चढवून त्याचे छायाचित्र काढू नये. सर्वांच्या अंगावर सारखेच असले, म्हणजे कोण गरीब हे दिसत नाही.

प्रत्येक मुलाला एकाच मापाची कापडी पिशवी द्यावी, आणि जे मावणार नाही ते राहू द्यावे. औषधे, सुईदोरा, दोऱ्या, विजेरी, पाण्याचे कॅन या वस्तू सामायिक पेटीत असाव्यात. पेटीची जबाबदारी रोज दोन मुलांकडे फिरती द्यावी. पुस्तके न्यायची तर ती तेथील लोकांना वाचता येतील अशी न्यावीत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचा भदन्त आनंद कौसल्यायन यांनी केलेला हिंदी अनुवाद उपलब्ध असताना मराठी प्रतींचे गठ्ठे कुशीनगरला वाटण्यात अर्थ नाही.

काही गोष्टी मुलांच्या पिशवीत नसतात, त्या आयोजकांच्या डोक्यात असाव्या लागतात. आचारी, शिधा आणि गॅसचा सिलिंडर डिकीत टाकून निघण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती बंद झाली पाहिजे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईत यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागून नऊ जण दगावले. त्याआधी १ जुलैला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ मध्यरात्रीनंतर खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. एक दिवस वाचावा म्हणून रात्रभर गाडी पळवण्याचा हट्ट मला कधीच पटला नाही. मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ सालचा होता. दिवसाला आठ तासांचे काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, ही त्यातील तरतूद होती. चालकदादा दोन असावेत, त्यांच्या झोपेची खोली आपल्या खोल्यांआधी ठरावी, आणि आपत्कालीन दरवाजा कसा उघडतो हे प्रत्येक मुलाने गाडी हलण्यापूर्वी स्वतःच्या हाताने उघडून पाहावे.

लुंबिनीसाठी सीमेवर ओळखीची कागदपत्रे आणि गाडीचे भन्सार लागते; मुख्याध्यापकांच्या सहीची प्रमाणपत्रे आधीच तयार ठेवावीत. भ्रमणध्वनीवरून पालकांशी होणारा वाद बोधगयेने परस्पर मिटवला आहे. महाबोधी महाविहारात तो नेताच येत नाही.

या साऱ्याची रंगीत तालीम करायला गोरेगावकरांना दूर जावे लागत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत. भरलेली पिशवी पाठीवर घेऊन मुलांनी तेथवर चालत जावे, लेण्यांजवळच्या पाण्याच्या पोढी पाहाव्यात आणि दुपारी पिशव्या उघडून काय परत घरी ठेवायचे ते स्वतःच ठरवावे. यात्रेपूर्वीचा एक रविवार त्यासाठी राखून ठेवावा, आणि त्या दिवशी व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनीही आपापली पिशवी आपल्याच पाठीवर घ्यावी.