चिक्कीला चार वाटे, आरोपीला एकच

लोणावळ्यातल्या एखाद्या दुकानातून अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने चिक्कीचा नमुना घेतला, तर २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याप्रमाणे त्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन राखून ठेवले जातात आणि दुकानदाराने मागणी केली, तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. अहवाल विरोधात गेला, तर अपील करून फेरतपासणी मागता येते. प्रयोगशाळाही चुकू शकते, हे इथे कायद्यानेच गृहीत धरले आहे. ज्या खटल्यात फाशी होऊ शकते, तिथे मात्र आरोपीला फेरतपासणीचा असा हक्क नाही. न्यायालयाला वाटले, तरच ती होते. गुळ-शेंगदाण्याला जी खबरदारी, ती माणसाच्या गळ्याला नसावी, ही विसंगती आता दूर केली पाहिजे.

लोणावळा ज्या तालुक्यात आहे, त्या मावळाने भयंकर गुन्हे पाहिले आहेत. २००७ मध्ये गहुंजे, २०१५ मध्ये लोणावळ्यातले रिसॉर्ट, २०२२ मध्ये कोथुर्णे. त्या तपासांवर शंका घेण्याचा येथे हेतू नाही. पण अशा वेळी लोक रस्त्यावर उतरतात, तपासावर दबाव येतो आणि ‘डीएनए जुळला’ एवढे दोन शब्द छापून आले की लोकांच्या लेखी निकाल लागलेला असतो. त्या दोन शब्दांमागचा प्रवास कुणी पाहत नाही. रक्ताचा कपडा आधी सुकवावा लागतो. ओलाच प्लास्टिकमध्ये बांधला तर कुजतो. मग कागदी पाकीट, लाखेचे सील, पंचांच्या सह्या, ठाण्यातली मुद्देमालाची खोली आणि हवालदाराच्या हातून पुण्यात गणेशखिंडची न्यायसहायक प्रयोगशाळा. यंत्र फक्त समोर आलेला नमुना वाचते. तो कुणाचा, वाटेत कुणी हाताळला, हे यंत्राला कळत नाही.

भाईंदरच्या खटल्यात नेमके हेच घडले. २०१० मध्ये सहा वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. ठाण्याच्या न्यायालयाने आरोपीला फाशीची शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. नमुने पाठवायला झालेल्या विलंबाचा खुलासा नव्हता, नमुने दूषित झाल्याची शक्यता फेटाळता येत नव्हती. डीएनए अहवाल हे शेवटी तज्ज्ञाचे मत असते, हेही न्यायालयाने बजावले. प्रयोगशाळेच्या आतही घोटाळे होतात. ऑस्ट्रेलियात १९८२ मध्ये एका आईला आपल्याच तान्ह्या मुलीच्या खुनासाठी जन्मठेप झाली. तिच्या मोटारीत सापडलेले ‘बाळाचे रक्त’ हा प्रत्यक्षात आवाज दाबण्यासाठी कारखान्यात फवारलेला लेप होता. चाचणीच्या मूळ प्लेट नष्ट केल्यामुळे पडताळणीही करता आली नाही. १९८८ मध्ये तिची शिक्षा रद्द झाली.

यावर म्हटले जाईल की, अशा तांत्रिक त्रुटींवर बोट ठेवून गुन्हेगार सुटतील. पण चुकीचा माणूस तुरुंगात गेला की त्याच फायलीसोबत खऱ्या गुन्हेगाराचा शोधही बंद होतो. भाईंदरच्या त्या मुलीला यातून कोणता न्याय मिळाला? दुसरा आक्षेप असा की, नमुना इतका थोडा असतो की त्याचे वाटे होत नाहीत. हे अनेकदा खरे आहे. मात्र अशा वेळी उरलेला डीएनए जपून ठेवता येतो आणि यंत्रातून निघालेली मूळ नोंद बचाव पक्षाला देता येते. त्याला वेगळे रक्त लागत नाही. तिसरा आक्षेप कामाच्या बोजाचा. बोजा तर वाढणारच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणे बंधनकारक केले आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. नमुने वाढणार असतील, तर पडताळणी कमी करून कसे चालेल?

१५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवण्याचे, उशीर झाल्यास कारण नोंदवण्याचे आणि नमुना कुणाकुणाच्या हातून गेला याची नोंदवही ठेवण्याचे आदेश दिले. ही नोंदवही लोणावळ्यापासून वडगावपर्यंत प्रत्येक ठाण्यात दिसली पाहिजे. विधिमंडळाने पुढचे पाऊल टाकून गंभीर गुन्ह्यातील आरोपीला फेरतपासणीचा आणि मूळ नोंदी मिळण्याचा हक्क द्यावा. चिक्कीवाल्याला फेरतपासणीचा हक्क कधीच मिळाला आहे.