बुद्धीचे गाईड

बुद्धी ही देवाघरची देणगी, असे आपण एका तोंडाने म्हणतो आणि त्याच तोंडाने दुकानदाराला विचारतो, “बुद्धिमत्तेचे गाईड आहे का हो?” आमचे हिमायतनगर असो की पुणे-मुंबई, शिष्यवृत्ती परीक्षेचे दिवस आले की हा संवाद हमखास कानी पडतो. दुकानदारालाही त्यात काही वावगे वाटत नाही. तो शांतपणे विचारतो, “कितवीचे?”

ही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. कधी चौथी-सातवीला, कधी पाचवी-आठवीला. एकूण गुण ३००. दुसऱ्या पेपरात ७५ प्रश्न, त्यांतले ५० बुद्धिमत्ता चाचणीचे, आणि वेळ दीड तास. भागाकार करून पाहा. एका प्रश्नाच्या वाट्याला एक मिनिट बारा सेकंद येतात.

आता असा एक प्रश्न घ्या. रांगेत एक मुलगा डावीकडून नववा आणि उजवीकडून चौदावा आहे, तर रांगेत एकूण मुले किती? शिकवणीला जाणारा मुलगा दोन्ही आकडे मिळवतो, एक वजा करतो, २२ वर खूण करतो आणि पुढे जातो. एक का वजा करायचा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते आणि त्यानेही विचारलेले नसते. दुसऱ्या मुलाला हा प्रश्न जन्मात पहिल्यांदाच दिसतो आहे. तो कागदाच्या कडेला रेघोट्या मारतो, बेरीज करतो, २३ येतात. काहीतरी चुकले असे वाटून पुन्हा मोजतो. मग एकाएकी त्याच्या ध्यानात येते की, अरे, तो मधला मुलगा आपण दोन्हीकडून धरला! गडी स्वतःशीच हसतो आणि २२ वर खूण करतो. पण एवढ्यात तीन मिनिटे गेलेली असतात, म्हणजे पुढच्या दीड प्रश्नाचा वेळ त्याने खाल्ला. दोघांपैकी बुद्धी कोणी चालवली हे सांगायला मानसशास्त्रज्ञ नको. तरी निकालात वर कोण असेल, हेही आपल्याला ठाऊक आहे.

ज्या गृहस्थांनी ही मोजपट्टी प्रथम तयार केली, त्या आल्फ्रेड बिने यांचा हेतू अगदी निराळा होता. शाळेत मागे पडणारी, जास्त मदत लागणारी मुले ओळखायची कशी, असा प्रश्न १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणखात्यापुढे होता. बिने यांनी सिमोन या सहकाऱ्याच्या मदतीने १९०५ साली त्यासाठी चाचणी बसवली. बुद्धी जन्मतःच ठरून जाते, हे मत त्यांना मुळीच मान्य नव्हते. उलट मागे पडणाऱ्यांसाठी त्यांनी मनाच्या कवायती सुचवल्या होत्या. १९११ साली ते वारले. पुढे १९१२ साली स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागले, १९१६ साली अमेरिकेत टर्मन यांनी त्याला शंभराने गुणले आणि बुद्ध्यंक रूढ झाला. वैद्याने औषध द्यावे म्हणून ताप मोजावा आणि लोकांनी तो आकडा रोग्याच्या कपाळावर गोंदवून टाकावा, तसे हे झाले.

आपल्याकडेही या क्षेत्रात मोलाचे काम झाले आहे. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडच्या कानडी व मराठी मुलांवर पारखून बिने यांची चाचणी नव्याने सिद्ध केली. १९४० साली त्यांचे पुस्तक निघाले. नागपूरला मालिन यांनी १९६९ साली भारतीय मुलांसाठी दुसरी चाचणी केली. परंतु चाचणी ज्या मुलांवर पारखली, त्यांच्याच शेजारी पुढची सगळी मुले उभी करायची, हा या शास्त्राचा पाया आहे. न्यूझीलंडमध्ये शिकवणारे जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवून दिले की अमेरिकेतली सरासरी दर दहा वर्षांना सुमारे तीन गुणांनी चढत गेली होती. दहावीस वर्षांत काही माणसाचा मेंदू पालटत नाही. पालटते ती शाळा, ताटातले अन्न आणि असले प्रश्न पाहण्याची सवय.

आणि भाषा? आमच्या तालुक्यात बाजाराच्या दिवशी मराठी, उर्दू, तेलुगू आणि तांड्यावरची गोरमाटी एकाच रस्त्यावर ऐकू येते. यांपैकी कुणाची तरी घरची भाषा प्रश्नपत्रिकेत असते, बाकीच्यांना ती आधी उलगडावी लागते. बरे, मराठी घरातही गंमत आहेच. नातेसंबंधावरचा प्रश्न समजा असा आला : “वडिलांच्या मामाची मुलगी तुझी कोण?” उत्तरतालिका म्हणणार, आत्या. पण मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. ज्या मुलीच्या वडिलांनी आपल्या मामाचीच मुलगी केली, ती मुलगी खूण करील ‘आई’वर. तिचे उत्तर सोळा आणे खरे, आणि गुण शून्य!

आमच्या मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. निजामाच्या राज्यात १९४८पर्यंत माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू होती. घरी मराठी बोलणारी किती पोरे तेव्हा मठ्ठ ठरून नांगरामागे गेली असतील, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

चाचण्या मोडीत काढा, असे मात्र मी म्हणणार नाही. चाचणी गेली की तिच्या जागी ओळख आणि वशिला येतो, आणि वशिल्याच्या पेपरात गरिबाला एकही प्रश्न सुटत नाही. नवोदय विद्यालयांचेच पाहा. १९८६च्या सुमारास ती निघाली तेव्हा निवड परीक्षेत आकृत्यांवर भर दिला तो याच विचाराने, की खेड्यातले मूल शहरातल्या मुलापुढे भाषेपायी मागे पडू नये. आजही तिथल्या ८० प्रश्नांपैकी ४० मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्यांचेच असतात, आणि किमान पाऊणशे टक्के जागा ग्रामीण मुलांच्या असतात. नांदेड जिल्ह्यातल्या शंकरनगरच्या नवोदयात खेड्यांतली मुले शिकतात, ती या परीक्षेच्याच दारातून आत गेलेली. हेतू उत्तम होता. फक्त आकृत्यांचेही गाईड निघते आणि आकृत्यांचीही शिकवणी लागते, एवढे कुणी गृहीत धरले नव्हते.

मला चिंता आहे ती निकालानंतरच्या संध्याकाळची. पुरस्कार मिळाला नाही की घरातले मोठे माणूस सहज बोलून जाते, “आमच्या ह्याला डोके जरा कमीच.” दहा वर्षांचे पोर ते ऐकते. बी.ए.च्या वर्गात माझ्यासमोर अशी मुले-मुली बसतात. कवितेचा अर्थ त्यांना नेमका लागलेला असतो, तो डोळ्यांत दिसतो. पण हात वर होत नाही. विचारले तर म्हणतात, “सर, मी पहिल्यापासून कच्चाच आहे.” हे पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, ते खोदून विचारले की बहुधा अशीच एखादी परीक्षा निघते.

तेव्हा करायचे काय? सराव केल्याने गुण वाढतात हे उघड आहे, मग तो सराव सर्वांना मिळू द्या. ज्याला ऐपत आहे त्याचा मुलगा गाडीत बसून नांदेडच्या शिकवणीला जाईलच. पण तेच प्रश्न, त्याच आकृत्या तांड्यावरच्या शाळेत आठवड्यातून दोन तास फुकट सोडवून घेतल्या, तर परीक्षेच्या दिवशी कोणाही मुलाला तो कागद परका वाटणार नाही. आणि प्रश्न ७५ ऐवजी ५० ठेवले, तर प्रत्येकाला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद मिळतील. तीन मिनिटे लावून रांग मोजणाऱ्या त्या पोराला तेवढीही थोडीच पडतील, पण त्याची रेघोट्यांची जागा तरी कुणी ओढून घेणार नाही.