दशमांश कुठं द्यावा?

डिसेंबर आला की ख्रिस्ती घरांत दशमांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याचा, हिशेब निघतो. एक गोष्ट स्पष्ट सांगतो: आधी आपली मंडळी. पाळकांचा पगार थकवून बाहेर दानशूर म्हणवून घेऊ नये.

पण दान मंडळीच्या कुंपणातच अडकावं, हे मला पटत नाही. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उभारला. तिथं रुग्णाची जात-धर्म आड आला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना आणून केडगावात आसरा दिला. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरकरांनी घराघरांतून भाकऱ्या पाठवल्या, त्या कुणाच्या ताटात पडणार हे न विचारता.

संस्थेला देताना मात्र डोळे उघडे ठेवा. एकदा जाऊन काम बघा, ताळेबंद मागा, पावती घ्या. दानावरची आयकर सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम रोखीनं देऊ नका. घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या मुलाची फी भरलीत, तर पावतीही नाही आणि सवलतही नाही. तरी ती भराच, आणि दशमांशातूनच भरा.